आयतें वाचन व शोधलेलें वाचन

वाचनाचा व्यासंग ठेवा, असा उपदेश आम्ही शिक्षक वर्षानुवर्षें करीत आलों आहों, आणि तुम्हीही तो मुकाट्यानें ऐकून घेत आलां आहां. परंतु या उपदेशांत एक उणीव राहून जाते. कां वाचावें हें आम्ही सांगतों, केव्हां वाचावें हेंही सांगतों. पण वाचण्याजोगें लिखाण शोधून कसें काढावें, हें मात्र क्वचितच सांगतों. जणूं काय चांगलें वाङ्मय आपल्या पायांनीं चालत घरीं येतें, आणि आपण केवळ दार उघडावयाचें असतें! प्रस्तुत लेखांत या शोधाविषयींच चार शब्द लिहिण्याचा विचार आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आपण काय वाचतों याला जितकें महत्त्व आहे, तितकेंच तें आपल्या हातीं कोणत्या वाटेनें आलें यालाही आहे. आणि जो स्वतः शोधावयास शिकला नाहीं, त्याला अक्षरें वाचतां येत असलीं तरी वाचक म्हणतां यावयाचें नाहीं.

आपल्या पूर्वजांपुढें अडचण होती ती दुर्मिळतेची. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ सालीं मुंबईस 'दर्पण' पत्र सुरू केलें, तेव्हां मराठींत वाचावयाचें म्हटलें तर छापील असें हातीं काय येणार? ज्याच्या गांवीं पुस्तक नाहीं, त्यानें तें शोधावें तरी कोठें? म्हणूनच आपल्या वडीलधाऱ्यांनीं खटपट करून ग्रंथालयें उभारलीं. पुण्यांतील आजचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें, आणि मुंबईचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चें. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं तर १९१० सालीं विल्यम बोर्डेन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास आपल्या संस्थानांत पाचारण केलें, आणि पुढें तेथील खेड्यापाड्यांतून पुस्तकांनीं भरलेल्या पेट्या फिरूं लागल्या. पुस्तक वाचकापर्यंत पोंचावें, एवढ्याचसाठीं हा सारा खटाटोप होता.

आज परिस्थिति अगदीं उलट आहे. तळहातावर मावणाऱ्या मोबाईलच्या पडद्यावर इतका मजकूर येतो कीं, सबंध आयुष्य घालविलें तरी तो वाचून संपावयाचा नाहीं. मग आतां शोधण्याची गरजच काय, असें कोणी विचारील. मला वाटतें, शोधण्याची गरज पूर्वीं नव्हती इतकी आज आहे.

गेल्या वर्षीं मी नववीच्या वर्गास एक साधा प्रश्न घातला होता. पाठ्यपुस्तकांबाहेरचें शेवटचें काय वाचलें आणि तें तुमच्याकडे कसें आलें, हें प्रत्येकानें एका चिठ्ठीवर लिहावें; नांव लिहूं नये. पहिल्या प्रश्नाचीं उत्तरें नाना प्रकारचीं होतीं. दुसऱ्याचें उत्तर मात्र बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच होतें: "आपोआप आलें." कोणीतरी व्हॉट्सॲपवर पुढें पाठविलें होतें, किंवा बोटानें पडदा वर सरकवितां सरकवितां तें समोर आलें होतें. एका मुलीची चिठ्ठी तेवढी निराळी निघाली. वाण्याच्या दुकानांतून आलेल्या पुडीच्या कागदावर तिनें एका प्रवासवर्णनाचें अर्धें पान वाचलें होतें, आणि तें पुस्तक कोणतें असावें याचा शोध ती महिनाभर करीत होती. तिला तें पुस्तक अद्यापि सांपडलें नव्हतें. तथापि साऱ्या वर्गांत खरी वाचक मला तीच वाटली.

'आपोआप आलें' या शब्दांचा नीट विचार केला पाहिजे, कारण जगांत आपोआप असें कांहींच येत नाहीं. पडद्यावर तुमच्यापुढें येणारा मजकूर कोणीतरी निवडलेला असतो. आणि आज ही निवड बहुतांशीं यंत्र करतें. तुम्ही काल काय पाहिलें, किती वेळ पाहिलें, कोठें थांबलां, काय अर्ध्यावर सोडलें, याची नोंद तें यंत्र ठेवतें, आणि त्यावरून अजमास बांधून त्याच जातीचें आणखी पुढें वाढतें. हें कांहीं तुमच्या कल्याणासाठीं चाललेलें नसतें. तुम्ही जितका वेळ पडद्यासमोर रहाल, तितक्या अधिक जाहिराती तुम्हांस दाखवितां येतात, आणि त्या जाहिरातींच्या पैशावर हा व्यवहार चालतो. यांत गुप्त असें कांहीं नाहीं. हा उघड धंदा आहे. दुकानदारानें गिऱ्हाइकास आवडेल तो माल पुढें मांडला, तर त्याला आपण दोष देत नाहीं. परंतु दुकानदार जें पुढें करील तेवढेंच ज्याच्या घरीं शिजतें, त्याच्या प्रकृतीची मात्र काळजी वाटते.

यांतील खरा तोटा वेळेच्या अपव्ययाहून मोठा आहे. यंत्राला तुमची कालची आवड ठाऊक असते. उद्यां तुम्हांला काय आवडूं शकेल हें त्याला ठाऊक नसतें, कारण तें तुम्हांलाही अद्याप ठाऊक नसतें. ज्या मुलानें चार दिवस क्रिकेटचेंच वाचलें, त्याच्यापुढें पांचव्या दिवशींही क्रिकेटच येतें. त्याच्या अंगीं कदाचित् ताऱ्यांची, कदाचित् नाण्यांची, कदाचित् शेतीची आवड सुप्त असेल. परंतु तिला जागें करणारें पान त्याच्या दृष्टीस पडतच नाहीं. तेरा-चौदाव्या वर्षीं मनुष्याची रुचि जर अशी एका खोलींत कोंडली गेली, तर पुढें ती खोलीच त्याला सारें जग वाटूं लागते.

यावर कोणी म्हणेल, "मास्तर, मोबाईलवर पुष्कळ चांगलेंही मिळतें." तें मला मान्य आहे. आजच्याइतकी शोधण्याचीं साधनें पूर्वींच्या कोणत्याही पिढीला लाभलीं नव्हतीं, आणि ज्या घरीं पुस्तकांचें कपाट नाहीं त्या घरींही आज तीं पोंचलीं आहेत. माझी तक्रार साधनाविरुद्ध नाहीं. साधनानें आपल्याला हांकावें, याविरुद्ध आहे. तर मग शोधावें कसें? माझ्या अनुभवास उतरलेले, आणि फारसा पैसा न लागणारे, कांहीं मार्ग सांगतों.

पहिला मार्ग लेखकाचा माग काढण्याचा. जें लिखाण तुम्हांस मनापासून आवडलें, त्यांत लेखकानें दुसऱ्या कोणाचें नांव घेतलें आहे, कोणत्या पुस्तकाचा, स्थळाचा वा माणसाचा उल्लेख केला आहे, तें टिपून ठेवावें आणि त्याच्या पाठोपाठ जावें. याचें एक उदाहरण सविस्तर देतों.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीनें लक्ष्मीबाई टिळकांचें 'स्मृतिचित्रें' हें आत्मचरित्र वाचावयास घेतलें. १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक शाळेचें रीतसर शिक्षण न झालेल्या एका बाईनें लिहिलें, आणि तरीही मराठी गद्याचा तो एक अलंकार गणला जातो. त्यांत तिला टिळकांच्या घरीं राहिलेला ठोमरे नांवाचा एक तरुण भेटतो. हा कोण, म्हणून ती चौकशी करते, तों तिला कळतें कीं, ज्यांना सारा महाराष्ट्र 'बालकवि' म्हणून ओळखतो तेच हे त्र्यंबक बापूजी ठोमरे. मग बालकवींच्या कविता ती मुळांतून वाचते. 'बालकवि' ही पदवी त्यांना मिळाली कोठें, याचा शोध घेतां ती १९०७ सालच्या जळगांवच्या कविसंमेलनाशीं येऊन पोंचते. त्या संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. आतां हे गृहस्थ पेशानें लष्करी वैद्यकीय खात्यांतील डॉक्टर, आणि व्यासंगानें वनस्पतिशास्त्रज्ञ! मेजर बसु यांच्यासह त्यांनीं भारतांतील औषधी वनस्पतींवर रचलेला मोठा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. शिवाय मुंबई इलाख्यांतील विषारी वनस्पतींवर त्यांनीं एक लेखमाला लिहिली, ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत.

ही सोसायटी काय आहे, असें ती पुढें विचारते. १८८३ सालीं मुंबईस स्थापन झालेली ही निसर्गाभ्यासकांची संस्था. १९०८ च्या सुमारास एक शाळकरी मुलगा, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक मेलेली चिमणी घेऊन, भीत भीत या संस्थेंत गेला होता. तेथील मानद चिटणीस मिलर्ड यांनीं त्याला हाकलून दिलें नाहीं. त्यांनीं त्याला चिमणीची जात सांगितली, संग्रहांतील पक्षी दाखविले, आणि वाचावयास पुस्तकें दिलीं. तोच मुलगा पुढें पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली म्हणून जगास माहीत झाला.

पाहा, एका स्त्रीच्या संसाराच्या गोष्टींपासून निघून आपली विद्यार्थिनी कवितेंत गेली, कवितेंतून वनस्पतींत, आणि वनस्पतींतून पक्ष्यांत. आत्मचरित्र वाचणाऱ्या मुलीपुढें यंत्रानें फार तर दुसरें आत्मचरित्र ठेविलें असतें. अडुळशाचें पान किंवा खिडकींतील चिमणी यांच्याशीं तिची गांठ घालून देणारी वाट तिला तिच्याच कुतूहलानें काढून दिली.

दुसरा मार्ग माणसांचा. ज्याचें वाचन आपल्याहून अधिक आहे, अशा माणसास निःसंकोच विचारावें. सलीम अलींना मिलर्ड भेटले; तसेच मुंबईंतील चर्नी रोडच्या बागेंत शाळा सुटल्यावर वाचीत बसणाऱ्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्यास कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी भेटले. हा मुलगा नित्य पुस्तक घेऊन बसतो, हें पाहून केळुसकरांनीं त्याची विचारपूस केली. पुढें तो परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्यास भेट दिलें. त्या भेटीचा आपल्यावर झालेला परिणाम डॉ. आंबेडकरांनीं स्वतः नमूद करून ठेविला आहे. १९५६ सालीं त्यांनीं बौद्ध धम्माचा स्वीकार केला, हा इतिहास तुम्हांस ठाऊकच आहे. एका शिक्षकानें एका विद्यार्थ्याच्या हातीं दिलेलें एक पुस्तक कोठवर जातें, याची कल्पना देणाऱ्यालाही नसते. यंत्राला तुमचा चेहरा वाचून असें कांहीं देतां येत नाहीं. म्हणून ग्रंथपाल, शिक्षक, शेजारचे निवृत्त आजोबा, ज्यांच्या घरीं पुस्तकें दिसतील त्यांना "आपल्याला अलीकडे काय आवडलें?" एवढेंच विचारा. हा प्रश्न विचारल्याबद्दल कोणी रागावल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

तिसरा मार्ग नियतकालिकांचा. मराठी मासिकांत 'साभार पोंच' नांवाचें एक लहानसें सदर असतें. संपादकांकडे आलेल्या पुस्तकांचीं नांवें त्यांत बारीक टाइपांत दिलेलीं असतात, आणि बहुतेक वाचक तें पान उलटून पुढें जातात. तुम्ही तें उलटूं नका. शोधकाला तें पान म्हणजे गांवाच्या वेशीवरची पाटीच आहे. तसेच दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. आज दरवर्षीं शेंकडों निघतात, आणि अनेक वाचनालयें अल्प वर्गणींत ते आळीपाळीनें घरीं देतात. नुसती अनुक्रमणिका वाचली तरी आज मराठींत कोण कशावर लिहीत आहे हें कळतें. त्यांतील एक अपरिचित नांव निवडावें, आणि त्याचें आणखी काय मिळतें तें पाहावें.

चौथा मार्ग इंटरनेटचाच, पण आपण चालवावयाचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं वाई येथें सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. आज तो विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचतां येतो. त्यांतील बहुतेक नोंदींच्या अखेरीस लेखकाचें नांव असतें, आणि पुष्कळ ठिकाणीं संदर्भग्रंथही दिलेले असतात. म्हणजे नोंद संपते तेथें नवी वाट फुटते. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षें लोटलीं, म्हणजे त्याच्या हयातींत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवरील स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० सालीं वारले. त्यांचीं पुस्तकें २०११ सालापासून सर्वांस मोकळीं झालीं. हरिभाऊ आपटे, बालकवि, लक्ष्मीबाई हीं तर त्यापूर्वींच. तेव्हां या लेखकांचें वाङ्मय कोणाचा हक्क न बुडवितां व एक पैसाही न देतां वाचतां येतें. अट एकच, कीं नांव तुम्ही शोधून टंकिलें पाहिजे. तें पडद्यावर नाचत येणार नाहीं.

आतां शोधून काढलेलें सारेंच चांगलें असतें, असें मात्र समजूं नका. नवें लिखाण हातीं आलें म्हणजे त्याला तीन प्रश्न विचारावे. हें कोणी लिहिलें? केव्हां लिहिलें? आणि जें सांगितलें आहे तें लेखकाला कशावरून कळलें? ज्या मजकुराला लेखक नाहीं, तारीख नाहीं, आणि 'जास्तींत जास्त लोकांना पाठवा' एवढीच ज्याची विनंति आहे, तो मजकूर दारांतूनच परत धाडावा. उलटपक्षीं, एखाद्या लेखकाचा एक लेख कंटाळवाणा वाटला म्हणून त्याला लगेच टाकूं नये. दुसरा एक तरी वाचून मग मत बनवावें. आणि जे तीन-चार लेखक या कसोटीस उतरतील, त्यांच्याकडे पुनःपुन्हां जावें. शंभर ठिकाणीं डोकावण्यापेक्षां चार घरीं नित्य जाणें असलें, म्हणजे माणसाला गोत लाभतें. वाचनांतही तसेंच आहे.

पालकांनाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. आपल्यांतील कित्येकजण मोबाईल काढून घेतला म्हणजे कर्तव्य संपलें असें मानतात, आणि मूल गोष्टीचें पुस्तक घेऊन बसलें तर "आधीं अभ्यास कर" म्हणून तेंही काढून घेतात. मग मुलानें शोधावें तरी केव्हां? शोधणें हें काम सावकाशीचें आहे. त्यांत चुकीचीं पुस्तकें हातीं येतात, अर्धवट टाकलीं जातात, वेळ फुकट गेल्यासारखा दिसतो. तो फुकट जात नसतो. आठवड्यांतून एक संध्याकाळ मुलांस ग्रंथालयांत घेऊन जा, आणि तेथें त्यांच्यासाठीं पुस्तक निवडूं नका. आपण स्वतः एक घ्या, तें मुलांदेखत वाचा, आणि तें आपल्याला कोठून कळलें हें जेवतांना सहज सांगा. याहून निराळी शिकवण द्यावी लागणार नाहीं.

मद्रास ख्रिश्चन कॉलेजांत शिकून गणिताचे अध्यापक झालेले शि. रा. रंगनाथन पुढें मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम ग्रंथरूपानें मांडले. त्यांतील दोहोंचा आशय असा कीं, प्रत्येक वाचकासाठीं कोठेंतरी त्याचें पुस्तक असतें, आणि प्रत्येक पुस्तकासाठीं कोठेंतरी त्याचा वाचक असतो. या दोघांची गांठ घालून देणें हें ग्रंथपालाचें काम. परंतु गांठ पडण्यासाठीं वाचकानेंही घराबाहेर पडलें पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, आज तुम्ही वाचन निवडावयाचें आहे. आणखी चार-पांच वर्षांनीं तुम्हांस मत द्यावयाचें आहे, व्यवसाय निवडावयाचा आहे, कोणाचें ऐकावें व कोणाचें ऐकूं नये हें ठरवावयाचें आहे. ज्याला आपलें वाचन निवडण्याची संवय नाहीं, त्याचे विचारही हळूहळू दुसराच कोणी निवडूं लागतो, आणि तें त्याच्या लक्षांतही येत नाहीं. म्हणून येत्या सुटींत एक साधी वही घाला. तिच्यांत चार रकाने आंखा: काय वाचलें, कोणी लिहिलें, कोठून कळलें, आणि त्यांतून पुढें कोणतें नांव मिळालें. तिसऱ्या रकान्यांत 'आपोआप' हा शब्द लिहावयाचा नाहीं, एवढाच नियम पाळा. शाळा उघडल्यावर ज्यांना आपली वही दाखवावीशी वाटेल त्यांनीं ती मजकडे अवश्य आणावी. तींतील चौथा रकाना मला माझ्यासाठीं उतरून घ्यावयाचा आहे.